त्रेचाळीस गेट आणि एक ताट

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तेवढ्या काळात पोरींनी माझ्या पाठीमागं मला जी नावं ठेवली, ती सगळी मला ठाऊक आहेत. त्यातलं एक होतं 'पूर्णकर बाई'. वर्गात कुणी अर्धंमुर्धं बोललं की मी डस्टर टेबलावर आपटून ओरडायची, "वाक्य पूर्ण कर!" निवृत्तीनंतर आम्ही नवराबायको सांगलीला विश्रामबागेत राहायला आलो, तेव्हा आमचे हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आता घरात मी एकटाच विद्यार्थी उरलोय, सांभाळून घ्या."

साताऱ्याहून निघताना मी भांडी वाटून टाकली, पुस्तकं वाटून टाकली, एक वही तेवढी जपून आणली. तिच्यात एकच शब्द होता, 'गेट'. इंग्रजीतलं हे टीचभर क्रियापद, पण ते मला आयुष्यभर पुरून उरलं. मिळालं तरी गेट, आणलं तरी गेट, पोचलं तरी गेट, कळलं तरी गेट. सकाळी उठायचं ते गेट अप, एसटीत चढायचं ते गेट ऑन, उतरायचं ते गेट ऑफ. म्हातारं होणं गेट ओल्ड, कुणाशी जमणं गेट अलाँग, दुःखातून सावरणं गेट ओव्हर. कधी ते दुसऱ्याकडून काम करवून घेतं, कधी 'हॅव'च्या कडेवर बसून येतं आणि मग त्याचा अर्थ नुसता 'आहे' एवढाच उरतो. तीस वर्षं मी त्याच्या मागावर होते. सापडेल तो उपयोग वहीत उतरवला, त्याला नंबर दिला, खाली उदाहरण लिहिलं. शेवटचा नंबर त्रेचाळीस. मला त्या वहीचा भारी अभिमान होता.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील. दार वाजलं. दारात पस्तिशीची एक बाई, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. आमच्या इमारतीत खाली दवाखाना आहे, तिथं तिची नणंद कामाला. नणंदेनं सांगितलं होतं, वरच्या मजल्यावर इंग्रजीच्या बाई राहतात.

"आवं बाई, मला इंग्रजी शिकवता का? तीन महिन्यात," ती म्हणाली. चपला काढायच्या आधी.

"तीन महिन्यांत मांजर पण शिकत नाही," मी म्हटलं. "आत ये."

तासगावजवळच्या एका गावातली ती. नवरा फौजेत, दूर सरहद्दीवर. घरी सासूसासरे आणि शाळेत जाणारी मुलगी. स्वतः दहावीला इंग्रजीत अडकली ती अडकलीच. पंधरा वर्षं बेदाण्याच्या शेडवर होती. द्राक्षं वाळली की बायका बेदाणा निवडायला बसतात. रंग बघायचा, आकार बघायचा, काडी काढायची, डागाळलेला बाजूला टाकायचा. त्या सगळ्या बायकांना हिनंच शिकवलेलं. आता शेडचे मालक परदेशी माल पाठवणार होते. त्यांना मालाची पारख करणारं माणूस हवं होतं, बारा महिने, शीतगृहात. एप्रिलमध्ये परदेशातले खरेदीदार शेड बघायला यायचे होते. मालक तिला म्हणाले होते, "त्या पाहुण्यांना तू शेड दाखव. तुझं बोलणं त्यांना समजलं, तर काम तुझं. नाहीतर मी पुण्याहून पोरगा आणतो."

"आन् त्यो पोरगा आला की मी त्याच्या हाताखाली," ती म्हणाली. "बाई, त्याला काळा बेदाणा आन् हिरवा बेदाणा अंधारात हातानं वळखता येईल का? मला येतंय. पर मला बोलता येत न्हाई, म्हणून त्यो साहेब आन् मी आपली हंगामापुरती."

मला तिचा राग आवडला. माझ्यासारखाच होता. मी म्हटलं, "मंगळवारी आणि शुक्रवारी ये. उशीर केलास तर दार उघडणार नाही."

ती एकदाही उशिरा आली नाही. एसटी चुकली तर दुधाच्या टेम्पोतून यायची. आणि मी तिला काय शिकवलं? तर 'गेट'! माझा हिशेब सरळ होता. हा एक शब्द हाताला आला की अर्धं बोलणं आपोआप येतं. मी नंबरवार सुरुवात केली. ती शेडवर निवडता निवडता पाठ करायची, आली की घडाघडा म्हणून दाखवायची. एक, मिळणे. दोन, आणणे. तीन, पोचणे. फेब्रुवारी संपेतो तिचे तीसपर्यंत झाले. मी खूश. "हे बघ, साताऱ्याच्या पोरींना जे वर्षात जमलं नाही ते तू महिन्यात केलंस," असं मी तिला म्हटलं सुद्धा. कौतुक माझ्या तोंडून सहसा निघत नाही, म्हणून लक्षात आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी तिची परीक्षा घ्यायची ठरवली. आमच्या ह्यांना खुर्चीत बसवलं, डोक्यावर टोपी घातली आणि सांगितलं, तुम्ही परदेशी पाहुणे. ते लगेच पाय पसरून बसले आणि मी लिहून दिलेला प्रश्न त्यांनी ऐटीत विचारला. "हाऊ डू यू गेट धिस कलर?"

ती उभी राहिली. ओठ हलायला लागले. आवाज नाही. बोटं मात्र पदराखाली मोजत होती. मला कळलं, ती नंबर शोधत होती. हा 'गेट' सातवा की एकोणिसावा? पाहुणे बिचारे टोपी सावरत वाट बघत बसलेले. शेवटी ती म्हणाली, "आय गेट..." आणि थांबली.

"वाक्य पूर्ण कर!" मी ओरडले. डस्टर नव्हतं, तर हाताशी आलेली वाटी आपटली.

ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. "बाई, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. डोस्क्यात निस्तं नंबर वाजत्यात." पिशवी उचलली आणि गेली. शुक्रवारी आली नाही. पुढच्या मंगळवारी आली नाही.

 त्या मंगळवारी संध्याकाळी आमचे हे म्हणाले, "पाहुण्यांना तर राग आला नव्हता. तुला कशाला आला?"

"तुम्ही चहा घ्या," मी म्हटलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण मला साताऱ्याची एक मुलगी आठवत होती. आठवीतली, पुढच्या बाकावर बसणारी, सदा हात वर. एकदा तिनं उभं राहून 'आय गेट' म्हटलं आणि तिला पुढचं सुचेना. मी तिला अख्खा तास उभी ठेवली. वाक्य पूर्ण कर, मग बस. दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. दहावी होऊन शाळा सोडेपर्यंत तिचा हात माझ्या तासाला पुन्हा वर आला नाही. तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी आळशी झाली.

मग मी उठले आणि तासगावची एसटी धरली. रागानंच गेले, खोटं कशाला सांगू. शिकायचं अर्धवट टाकते म्हणजे काय!

शेड गावाबाहेर, द्राक्षाच्या बागांच्या पलीकडं. वर पत्रा, चारी बाजूंनी वारा खेळता, आणि एकावर एक जाळ्या ताणलेल्या. त्यांच्यावर द्राक्षं वाळत पडलेली. हवेत गोड आंबूस वास. पुढं मोकळ्या जागेत पंधरावीस बायका मोठी ताटं मांडीवर घेऊन निवडायला बसलेल्या. मी दिसल्यावर ती ताडकन उठली. मला वाटलं आता पाया पडेल, माफी मागेल. ती म्हणाली, "बाई, उन्हाचं कशाला आलासा? बसा पोत्यावर. गाडी लागली न्हाई न्हवं?"

"मला काही लागलं नाही. तू का आली नाहीस ते सांग."

"माल आलाय. हात रिकामा न्हाई. तुमी बी बसल्यासारख्या हायसा तर घ्या ताट." आणि तिनं सरळ माझ्या मांडीवर ताट ठेवलं.

मी विचारलं, किती प्रकार करायचे? कोणता कुठं टाकायचा? मला कागदावर लिहून दे. सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. ती म्हणाली, "कागद न्हाई. माझ्या ताटात बघा, आन् तसं करा. हात आपसूक शिकतोय."

हात कसला शिकतोय! मला सगळे बेदाणे सारखेच दिसत होते. मी चष्मा वर करून, खाली करून एकेक उचलत होते आणि शेजारी बायकांची तोंडं चालू होती. एकीला तहान लागली होती. एकीच्या भाचीला हळद लागायची होती. कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाच्या पोराचा नंबर लागला, सासऱ्यांचं घरात मन लागत नव्हतं, म्हशीला दृष्ट लागली होती. आणि एकीचा दुपारी जरा डोळा लागला तर मुकादमीण तिच्या मागं लागली होती. सवयीनं मी मनात मोजत गेले. चौदापर्यंत आले आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईला विचारलं, "मावशी, 'लागणं' म्हणजे नक्की काय हो?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "लागणं म्हंजी? लागतंय म्हंजी लागतंय. तुमाला ऊन लागलं काय?"

सगळी शेड हसली. मीही हसले, पण आतून चरकले. ह्या बाईनं आयुष्यात एकदाही 'लागणं' पाठ केलं नव्हतं, त्याला नंबर दिला नव्हता, तरी एकदाही चुकली नव्हती. आणि मी माझ्या शिष्येला तीस नंबर घोटायला लावले होते. मला स्वतःचीच लाज वाटली.

चारच्या सुमारास चहा आला. माझं ताट तिनं उचललं. त्यात हिरव्यात पिवळे होते, पिवळ्यात काळे, आणि काड्या तशाच. आता ही मला बोलणार, म्हणून मी मान खाली घालून बसले. साठी उलटल्यावर मान खाली घालायची सवय मोडलेली असते, अवघड गेलं. पण तिनं ते ताट बाकीच्या ताटांसारखं वजनाच्या काट्यावर नेलं नाही. बायकांच्या मधोमध पोत्यावर ठेवलं, आणि सगळ्याजणी त्यातले बेदाणे उचलून चहाबरोबर खायला लागल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"पयल्या दिसाचं ताट तोलत न्हाईत बाई, खात्यात," ती म्हणाली. "नव्या बाईचं पयलं ताट चुकणारच. ते तोललं, कुणी चार शब्द बोललं, की ती बाई दुसऱ्या दिवशी येतच न्हाई. म्हणून समद्यांनी मिळून खाऊन टाकायचं. चूक पोटात. दुसऱ्या दिवशी ती येतीया."

मी एक बेदाणा उचलला.  साताऱ्याची ती पोर आठवली, शेवटच्या बाकावरची. मी तिचं पहिलंच ताट काट्यावर टाकलं होतं, आणि तेही सगळ्या वर्गासमोर. मी तिथंच, पंधरावीस बायकांच्या देखत रडले.  मावशीनं चहाचा कप माझ्याकडं सरकवला.

निघताना मी तिला म्हटलं, "तू माझ्याकडं येऊ नको. मीच येत जाईन."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मीच एसटीनं तासगावला जायला लागले. वही घरी राहिली. मी ताट घेऊन बसायची आणि दोघी इंग्रजीत बोलायचो. तोडकंमोडकं, हातातलं काम न थांबवता. गेट मी दॅट ट्रे. सन गेटिंग हॉट. माय बॅक गॉट टायर्ड. नियम एकच, चूक झाली की एक बेदाणा तोंडात टाकायचा आणि पुढं बोलायचं. पहिल्या आठवड्यात तिनं इतके बेदाणे खाल्ले की मालकांनी बघितलं असतं तर शेड बंद केली असती. निवडण्यात मी चुकले की मी खायची. आमचे हे म्हणाले, "तिचं इंग्रजी आणि तुझी साखर, दोन्ही वाढतंय." हळूहळू तिचं खाणं कमी झालं. माझं फारसं नाही.

पाहुणे एप्रिलच्या मध्यावर आले. दोघं होते, एक उंच म्हातारे आणि एक त्यांच्याबरोबरची तरुण बाई. मला तिथं असायचं काहीच कारण नव्हतं. म्हणून मी डोक्यावर पदर घेऊन बायकांच्या रांगेत निवडायला बसले. मालक इस्त्रीच्या शर्टात. ती नव्या हिरव्या साडीत. पायातली जोडवी सुद्धा घासलेली.

गुड मॉर्निंग झालं, वेलकम झालं. मग त्या म्हाताऱ्यांनी जे सुरू केलं ते मलाही नीट कळेना. बोलणं नुसतं भरभर, वर नाकातून. शेवटाला प्रश्न होता एवढं समजलं.

ती उभी होती. ओठ हलले. मी तिच्या बोटांकडं बघितलं. बोटं पदराच्या टोकाला गेली.  मनात म्हटलं, मोजू नको ग बाई, मोजू नको. मालकांनी एक पाऊल पुढं टाकलं आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात ती वळली. रांगेत शेवटाला एक नवी सून बसली होती, त्याच सकाळी कामाला लागलेली. तिच्या मांडीवरचं ताट हिनं उचललं आणि सरळ म्हाताऱ्यांच्या पुढ्यात धरलं.

"सर, धिस ट्रे, न्यू गर्ल. फर्स्ट डे. मेनी मिस्टेक. इन अवर शेड, फर्स्ट डे ट्रे, वुई डोंट वेट ऑन मशीन. वुई ईट." तिनं दम घेतला. "माय इंग्लिश आल्सो फर्स्ट डे ट्रे. प्लीज ईट. देन आस्क अगेन. स्लो."

 म्हातारे ताटाकडं बघत राहिले. मग त्यांनी एक पिवळा उचलला, एक काळा उचलला, दोन्ही तोंडात टाकले आणि मोठ्यानं हसले. तरुण बाईनंही मूठभर घेतले. मग म्हाताऱ्यांनी एकेक शब्द सुटा करत पुन्हा विचारलं. "हाऊ डू यू गेट धिस कलर?"

आमच्या ह्यांनी टोपी घालून विचारलेला, तोच प्रश्न!

"शेड, सर," ती म्हणाली. तिचा हात वर पत्र्याकडं गेला, मग चारी बाजूंना फिरला. "विंड गेट इन. सन नॉट गेट इन. फिफ्टीन डेज. देन ग्रीन." आणि तिनं शेजारच्या ताटातून एक मूठ उचलली, डोळे मिटले, बोटांनी चाचपून तीन बेदाणे वेगळे काढले, आणि मूठ उघडली. मुठीतले सगळे हिरवे होते, काढलेले तिन्ही डागाळलेले. म्हातारे तासभर तिच्या मागं मागं फिरले. व्याकरण एकाही वाक्याचं धड नव्हतं. मी निवडायचं सोडून ऐकत बसले होते, आणि मावशीनं मला कोपर मारून कामाला लावलं.

पाहुणे गेले. मालक नुसतं "बघू" म्हणाले. आमच्याकडं 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. आठ दिवस मी फोनजवळच होते. हे म्हणाले, "निकाल तिचा आहे, तुझा नाही." मी म्हटलं, "तुम्ही चहा घ्या."

नवव्या दिवशी सकाळी फोन वाजला. पलीकडं पत्र्यावरचा वारा आणि बायकांचा गलका ऐकू येत होता. मग तिचा आवाज.

"बाई," ती म्हणाली. "आय गॉट..."

आणि पुढं तिला बोलवेना. ती रडत होती, मागं मावशी कुणाला तरी पेढे आणायला पिटाळत होती, आणि माझ्या ओठांवर ते तीन शब्द सवयीनं आलेच होते. मी ते गिळले. फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. तिचं वाक्य अर्धंच राहिलं, आणि मला सगळं कळलं.